घरात मिटलं, पण केस उभीच आहे? तडजोडीनंतर गुन्हा रद्द कसा करून घ्यायचा

करवीर तालुक्यातले दोन सख्खे भाऊ एकदा माझ्याकडे आले. बांधावरून भांडण झालं होतं, ऊसतोडीचा कोयता निघाला होता आणि धाकट्याने थोरल्यावर व त्याच्या मुलावर फिर्याद दिली होती. पुढे आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी दोघांनी गावच्या तंटामुक्ती समितीसमोर हातात हात दिला. शंभराच्या स्टॅम्पवर 'आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही' असं लिहून सह्या केल्या, पेढे वाटले आणि तो कागद कपाटात ठेवून दिला. अडीच वर्षांनी थोरल्याच्या नावाने वॉरंट आलं. त्याला घेऊन आला होता धाकटाच. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "वकीलसाहेब, फिर्याद माझी हाय, मीच म्हणतोय मिटलं, मग कोर्टाचं काय अडलंय?"

हा प्रश्न विचारणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. नवरा-बायकोच्या भांडणात तर हमखास येतात. म्हणून पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितो आहे.

फिर्याद तुमची असली तरी दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा गुन्हा, नोंदला गेला की खटला सरकारचा होतो. कोर्टाच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं छापलेलं असतं ते त्यामुळेच. फिर्यादी हा सरकारच्या बाजूचा साक्षीदार असतो, खटल्याचा मालक नसतो. गावातला तडजोडीचा कागद तुमच्या दोघांत मोलाचा आहे, पण कोर्टात तो कुणी दाखल केला नाही तर तारखा पडत राहतात. आरोपी गैरहजर राहिला की वॉरंट निघतं. तेव्हा घरात मिटल्यावर अर्धंच काम झालेलं असतं.

पहिलं काम: सगळ्या केसेसची यादी

नवरा-बायकोच्या वादात एकच केस क्वचित असते. पोलीस ठाण्यात छळाचा गुन्हा असतो, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली अर्ज असतो, पोटगीचा अर्ज वेगळा, घटस्फोटाचा दावा वेगळा, आणि दिराने किंवा मेहुण्याने दिलेली उलट फिर्यादही असते. भावकीच्या वादात दिवाणी दावा, एकमेकांवरचे दोन गुन्हे आणि तहसीलदारांपुढची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई, असते. एका कोऱ्या कागदावर हे सगळं लिहून काढा. कोर्ट कोणतं, केस नंबर काय, पुढची तारीख कधी, कुणाकुणाची नावं आहेत. नंबर सापडत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधता येतो.

सोबत एफआयआरची प्रत, चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर त्याची प्रत आणि मारहाण असेल तर जखमेचा दाखला लागतो. चार्जशीटची प्रत आरोपीला मोफत मिळते, तो त्याचा हक्क आहे. यादीतून एक केस सुटली तर तडजोड तिथे फुटते. बाकी सगळं मिटल्यावर एका विसरलेल्या पोटगीच्या अर्जावरून दोन घरं पुन्हा हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत.

कलमं वाचा, रस्ता तिथून ठरतो

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. त्याआधी घडलेल्या घटनेवर भारतीय दंड संहितेची जुनी कलमं दिसतील, नंतरच्या घटनेवर भारतीय न्याय संहितेची. लोकांच्या तोंडात बसलेलं 'चारशे अठ्ठ्याण्णव' म्हणजे विवाहितेच्या छळाचं कलम ४९८अ आता न्याय संहितेत ८५ आहे. साधी दुखापत ३२३ होती, ती ११५(२) झाली. मुद्दाम अपमान करणं ५०४ चं ३५२ झालं आणि धमकी ५०६ ची ३५१ झाली.

गुन्ह्यांचे इथे दोन गट पडतात. काही गुन्हे कायद्यानेच आपसांत मिटवण्याजोगे ठरवलेले आहेत. त्यांची यादी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२० मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी, घरात घुसणं हे त्यात येतात. काहींना कोर्टाची परवानगी लागते, काहींना तीही लागत नाही. तुमच्या केसमध्ये एवढीच कलमं असतील तर हायकोर्टाकडे जायची गरजच नाही. ज्या कोर्टात केस आहे, कसबा बावड्यात असो, इचलकरंजीत असो की गडहिंग्लजला, तिथेच दोघांनी हजर राहून तडजोडीचा अर्ज द्यायचा. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी अशा केसेस लवकर निघतात. तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच मानला जातो.

दुसऱ्या गटातले गुन्हे या यादीत नाहीत. छळाचं ४९८अ, म्हणजे आताचं ८५, त्यातलंच. धारदार हत्याराने गंभीर दुखापत, म्हणजे जुनं ३२६, तेही त्यातलंच. खालचं कोर्ट दोघांच्या इच्छेवर ते मिटवू शकत नाही, लोकअदालतीलाही तो अधिकार नाही. इथे एकच दार उरतं, ते हायकोर्टाचं. न्यायाच्या हेतूसाठी खटला रद्द करण्याचा अंगभूत अधिकार हायकोर्टाला आहे. जुन्या संहितेत ते कलम ४८२ होतं, आता ५२८ आहे. कोर्टाच्या आवारात याला 'क्वॅशिंग' म्हणतात.

हायकोर्ट काय बघतं

कायद्याने जे मिटवता येत नाही ते हायकोर्टाने कसं मिटवावं, हा वाद बरीच वर्षं चालला. २००३ मध्ये बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवरा-बायकोचा वाद खरोखर मिटला असेल तर ४९८अ चा गुन्हा हायकोर्ट रद्द करू शकतं. २०१२ मध्ये ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात तीन न्यायमूर्तींनी रेघ आखून दिली. वैवाहिक, कौटुंबिक, पैशाच्या देवघेवीचे, म्हणजे मुळात दिवाणी आणि खासगी वळणाचे वाद तडजोडीवर रद्द होऊ शकतात. खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे मात्र घरच्यांनी माफ केले तरी रद्द होत नाहीत, कारण त्यांची झळ साऱ्या समाजाला लागते. भ्रष्टाचाराच्या केसेसचंही तसंच. अल्पवयीन मुलीच्या लैंगिक छळाची केस तिच्या घरच्यांनी मिटवली म्हणून संपत नाही, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं. 'मुलीच्या भवितव्यासाठी मिटवून टाका' असा सल्ला घेऊन कुणी आलं तर मी सरळ नाही म्हणतो. तुम्हीही म्हणा.

खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलेल्या भांडणांत २०१४ चा नरिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल कामाला येतो. नुसतं कलम बघून कोर्ट थांबत नाही. हत्यार कोणतं, घाव कुठे बसला, डोक्यावर की पायावर, जखमेचा दाखला काय सांगतो, हे तपासतं. तडजोड कधी झाली तेही बघतं. तपास चालू असताना किंवा चार्जशीटनंतर लगेच झाली तर कोर्टाचं मन मोकळं असतं, साक्षीपुरावे संपत आल्यावर झाली तर ते हात आखडता घेतं. म्हणून मिटलं असेल तर वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका.

तडजोडपत्र: इथे घाई करू नका

माझा सगळ्यात जास्त वेळ याच कामात जातो आणि तो जायलाच हवा.

वैवाहिक तडजोडीत दोनच वाटा असतात: पुन्हा नांदायचं, किंवा सन्मानाने वेगळं व्हायचं. नांदायचं असेल तर कुठे राहणार, नोकरी करायची की नाही, सासूसासऱ्यांसोबत की स्वतंत्र, हे बोलून लिहा. आणि मी एक आग्रह धरतो: मुलगी परत नांदायला गेल्यावर निदान काही महिने जाऊ द्या, मग गुन्हा रद्द करायचा अर्ज करा. सासरचे लोक यावर नाराज होतात. होऊ देत. खरोखर बदल झाला असेल तर त्यांचं काही बिघडत नाही.

वेगळं व्हायचं असेल तर स्त्रीधनापासून सुरुवात करा. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, ती परत देणं म्हणजे उपकार नव्हे. कोल्हापुरी साज, ठुशी, बोरमाळ, पाटल्या, जे काही असेल ते नावानिशी लिहा. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, सराफाकडून दोन्ही बाजूंसमोर वजन करून घ्या आणि ती पावती तडजोडपत्राला जोडा. 'सर्व दागिने मिळाले' या एका ओळीवर सही घेऊ नका, देऊही नका.

मग पैसे. एकरकमी किती, कधी आणि कशाने? रोख नको. डिमांड ड्राफ्ट किंवा थेट बँक खात्यात घ्या. ड्राफ्टची मुदत तीन महिनेच असते, हे लक्षात ठेवून तो काढा, नाहीतर सुनावणीच्या दिवशी शिळा ड्राफ्ट हातात येतो. हप्ते ठरले तर शेवटचा हप्ता हायकोर्टात संमतीचं प्रतिज्ञापत्र देण्याच्या दिवशी किंवा त्याआधी मिळेल असं लिहा. बाईने आधी संमती द्यायची आणि पैसे मागाहून, असं कुणी सुचवलं तर मान्य करू नका. माझ्या एका पक्षकार ताईंनी माझ्याकडे येण्यापूर्वी अशीच सही केली होती. त्यांचा तिसरा हप्ता आजही आलेला नाही. दुसऱ्या बाजूलाही न्याय हवा: पैसे घेऊन, घटस्फोट घेऊन मग फौजदारी केस चालूच ठेवली तर? २००४ च्या रुची अग्रवाल विरुद्ध अमितकुमार अग्रवाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी केस रद्द केली होती. लेखी तडजोड अशा वेळी दोघांनाही राखते.

लेकरांचं वेगळं लिहा. ताबा कुणाकडे, भेट कधी, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार. बायको स्वतःच्या पोटगीवरचा हक्क सोडू शकते, पण पोराच्या पोटगीचा हक्क आईबापांनी आपसांत विकण्यासारखा नसतो. कोर्ट अशा कलमाकडे नाराजीने बघतं.

भावकीच्या तडजोडीत जमिनीचा भाग पक्का करा. वाटणीचा नकाशा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, पाइपलाइन कुणाच्या रानातून जाणार, उसाची गाडी कुठून काढायची. बहिणीने हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या स्टॅम्पवरच्या मजकुराने सात-बारा बदलत नाही. आणि बहिणीला न विचारता तिचा हिस्सा गृहीत धरून भावांनी मिटवलेलं भांडण पाच वर्षांत पुन्हा उभं राहतं.

शेवटी सगळ्या केसेसची यादी तडजोडपत्रात उतरवा: कोणती कुणी, किती दिवसांत, कशी मागे घ्यायची. पोटगी आणि हिंसाचाराच्या अर्जात खालच्या कोर्टात पुरसीस, म्हणजे अर्ज पुढे चालवायचा नाही असं लेखी निवेदन, द्यावी लागते. दोघांनी संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचा अवधी आहे, पण २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट तो माफ करू शकतं.

दबाव असेल तर

ताई, तुमच्या माहेरच्यांना कंटाळा आलाय म्हणून, भावाचं लग्न ठरायचंय म्हणून, किंवा 'सही कर, नाहीतर पोरगं दाखवणार नाही' म्हणून सही करत असाल तर थांबा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही कायदेशीर मदत मागता येते. समोरच्यांच्या वकिलाने दिलेला कागद स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दोन्ही बाजूंना एकच वकील हे स्वस्त वाटतं, पण मी ते करत नाही.

अर्ज कुठे करायचा

जिथे गुन्हा नोंदला आहे त्यावर हायकोर्ट ठरतं. आपल्याकडचा गुन्हा असेल तर आता मुंबई गाठायची गरज नाही. चाळीस वर्षांहून जास्त चाललेल्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं. सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत ते बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. पूर्वी पाच मिनिटांच्या संमतीसाठी म्हातारे सासूसासरे, कडेवर लेकरू घेतलेली सून, सगळे रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जायचे आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, नंबर लागला नाही तर तसेच परत यायचे. त्या फेऱ्या आठवल्या की आजची सोय किती मोठी आहे ते कळतं.

पण सून पुण्याची असेल आणि तिने माहेरी गुन्हा नोंदवला असेल तर अर्ज मुंबईलाच जातो. सासर सोडून माहेरी आलेल्या बाईला तिथे फिर्याद देता येते, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. आपल्या सोयरिकी निपाणी-बेळगावपर्यंत पसरलेल्या आहेत. तिकडे गुन्हा असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ.

अर्ज आरोपी करतात. त्यात शासन आणि फिर्यादी प्रतिवादी असतात. सगळ्या आरोपींची नावं घाला. लग्न होऊन मुंबईला गेलेली नणंद 'ती काय येतेय' म्हणून वगळली तर तिची केस चालूच राहते. अर्जाला एफआयआर, चार्जशीट, तडजोडपत्र, घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत आणि फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडतात. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, म्हणून हे प्रतिज्ञापत्रही इंग्रजीत असतं. सही करण्याआधी ते ओळ न ओळ मराठीत समजावून मागा. वकील कंटाळला तरी मागा. फीसुद्धा सुरुवातीलाच लेखी ठरवा.

सुनावणीचा दिवस

दोन्ही बाजूंनी मूळ आधार कार्ड घेऊन वेळेआधी पोहोचा. कधी कोर्ट फिर्यादीला प्रत्यक्ष बोलावतं, कधी व्हिडिओवरून हजेरी चालते, तुमच्या वकिलाला आधी विचारा. तपास अधिकारी कागद घेऊन आलेले असतात, सरकारी वकील शासनाची बाजू सांगतात. न्यायमूर्ती फिर्यादीला साधेच प्रश्न विचारतात. प्रतिज्ञापत्रावरची सही तुमची का, मजकूर समजला का, कुणाचा दबाव आहे का, ठरलेले पैसे मिळाले का. घाबरू नका आणि पाठ केलेलं बोलू नका. पैसे बाकी असतील तर त्याच क्षणी सांगा. नंतर सांगून उपयोग होत नाही.

काही वेळा कोर्ट गुन्हा रद्द करताना आरोपींना ठरावीक रक्कम एखाद्या सामाजिक कामासाठी जमा करायला लावतं. ती मुदतीत भरून पावती दाखल करावी लागते. त्यात कुचराई झाली तर झालेलं काम अडकतं.

आदेश मिळाल्यावर

आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल काढा, एक नाही, तीन-चार. एक खालच्या कोर्टात दाखल करा म्हणजे तिथली तारीख बंद होईल आणि जामिनाचे कागद सुटतील. एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. जुनं वॉरंट निघालेलं असेल तर ते रद्द झाल्याची खात्री स्वतः जाऊन करा, नाहीतर यात्रेच्या बंदोबस्तात एखाद्या हवालदाराच्या यादीत नाव तसंच राहिलेलं सापडतं.

नोकरीच्या अर्जात 'तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला होता का' असा रकाना असेल तर गुन्हा रद्द झाला तरी 'होय' लिहा आणि आदेश जोडा. २०१६ च्या अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालानंतर हे तर फारच जपायला हवं, कारण किरकोळ गुन्ह्यापेक्षा तो लपवल्यानेच नोकरी जास्त वेळा जाते.

त्या दोन भावांचं काम मुंबईला झालं. तेव्हा आपलं बेंच सुरू झालं नव्हतं. घाव हातावर होता, दाखला सौम्य होता, तडजोड जुनी आणि खरी होती, म्हणून गुन्हा रद्द झाला. आदेशाची एक नक्कल थोरल्याच्या मुलाने फाइलला लावून ठेवली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि चुलत्याने दिलेल्या फिर्यादीत त्याचंही नाव होतं. पडताळणीच्या फॉर्मवर त्याने 'होय' लिहिलं, खाली गुन्हा क्रमांक आणि आदेशाची तारीख घातली. फॉर्म भरताना शेजारी त्याचा चुलता बसला होता.